शीतनिद्रेत महाग पडतं ते जागं होणं

शीतनिद्रेतला डोंगरी पिग्मी पॉसम मेलाय की जिवंत आहे, हे ठरवायला घड्याळ घेऊन बसावं लागतं. शेपूट पोटाशी घेऊन त्याचा घट्ट चेंडू झालेला असतो आणि अंग दगडाइतकं गार असतं. कित्येक मिनिटं श्वासच नाही, मग लागोपाठ दोन-चार श्वास, पुन्हा शांतता. शरीराचं तापमान असतं सुमारे 2 अंश सेल्सिअस. जेमतेम 45 ग्रॅमचा हा शिशुधान (पिल्लं पोटावरच्या पिशवीत वाढवणारा) प्राणी ऑस्ट्रेलियाच्या बर्फाळ डोंगरांत खडकांच्या भेगांमध्ये राहतो. जगाला तो आधी जीवाश्मांतूनच माहीत होता. जिवंत सापडला 1966 मध्ये, माउंट हॉथमवरच्या स्कीबाजांच्या एका मुक्कामघरात.

या अवस्थेला टॉर्पर म्हणतात. झोपेशी तिची गल्लत नको. गारठून तापमान घसरणं हेही वेगळं. टॉर्परमध्ये मेंदूतला हायपोथॅलॅमस आधी तापमानाची पातळी खाली आणतो, चयापचय मंदावतं आणि त्यामागोमाग अंग निवत जातं. ताबा सुटलेला नसतो. भोवतालचा पारा शून्याखाली गेला, तर पॉसम टॉर्परमध्येच थोडी उष्णता तयार करून आपले 2 अंश सांभाळतो. गारठलेल्या प्राण्याला हे जमत नाही.

टॉर्पर काही तासांचा असेल तर तो दैनिक. कित्येक दिवसांचे टॉर्पर महिनोन्‌महिने एकामागून एक येत राहिले की ती शीतनिद्रा. डोंगरी पॉसमचा एकेक टॉर्पर 20 दिवसांपर्यंत चालतो. मधे तो काही तास पूर्ण तापतो आणि पुन्हा निवतो. चरबीचा खरा खर्च होतो तो इथेच. साधा हिशेब करा: 45 ग्रॅमचं शरीर 2 वरून 36 अंशांवर न्यायला सुमारे 5.4 किलोज्यूल लागतात, म्हणजे 0.14 ग्रॅम चरबी. तीही उष्णता अजिबात बाहेर गेली नाही तर. प्रत्यक्षात इवलंसं अंग तापता तापताच उष्णता गमावतं, म्हणून खरा आकडा बराच मोठा. लहान हिवाळनिद्र प्राण्यांच्या हिवाळाभराच्या ऊर्जेचा मोठा हिस्सा या मोजक्या जागरणांवर जातो.

आर्क्टिक जमीनखारीचं अंग उणे 2.9 अंशांपर्यंत उतरतं, पण तापायला तिच्याकडे तपकिरी चरबीची शेगडी असते. ही चरबी जळते ती थेट उष्णतेसाठी. शिशुधान प्राण्यांकडे अशी चालती शेगडी नाही. स्नायू थरथरवूनच त्यांना तापावं लागतं.

मग काहींनी फुकटची ऊब शोधली. सुमारे 15 ग्रॅमचा, जाड शेपटीत चरबी साठवणारा डनार्ट हा उंदरासारखा शिशुधान प्राणी सकाळी बिळाबाहेर येतो तेव्हा त्याचं अंग 15 अंशांच्या आसपासच असतं. पाय धड उचलत नाहीत, कुणी झडप घातली तर पळणं अशक्य. तरीही तो रखडत उन्हापर्यंत जातो आणि अंग चपटं करून पडून राहतो. तापवण्याचं काम ऊन करतं. शिकारी पक्ष्याच्या तोंडी जाण्याची जोखीम घेऊनही हा सौदा परवडतो, यावरून थरथरणं किती महाग असेल ते कळावं.

(अस्वल या रांगेत थोडं उपरं. काळ्या अस्वलाचं तापमान 30 अंशांखाली क्वचितच जातं, पण चयापचय पाव पटीवर येतं. एवढं मोठं धूड पुरतं निवलं तर पुन्हा तापायला फार वेळ लागेल.)

चरबीचा हिशेब बिघडतो तो दोन्ही बाजूंनी. वटवाघळांना ‘पांढरं नाक’ हा बुरशीरोग झाला की ती वारंवार जागी होतात आणि वसंताआधीच त्यांची चरबी संपते. पॉसमच्या बाबतीत बिघाड बर्फाच्या थरात होतो. जाड बर्फ खडकांतल्या भेगा शून्याच्या किंचित वर ठेवतो. थर पातळ झाला तर भेगा गोठतात आणि 2 अंश राखायला जास्त चरबी जळते. बर्फ लवकर वितळला तर जाग लवकर येते, पण त्याचं खाद्य असलेले बोगाँग पतंग अजून सखल प्रदेशातून वर आलेले नसतात. 2017 नंतरच्या दुष्काळात ते पतंगच कमालीचे घटले, आणि पुरेसं दूध नसलेल्या कित्येक माद्यांच्या पिशवीतली पिल्लं दगावली.