गाडीतले बारा व्होल्ट आणि नागपूरचं ऊन

"घरी अख्खी खोली दीडच्या वायरवर चालून राहिली ना भाऊ, मग गाडीत काऊन नाही चालणार?"

नागपूरजवळच्या वाडीतल्या गॅरेजमध्ये मिस्त्रीने हा प्रश्न विचारला तेव्हा त्याच्या हातात दीड एमएमच्या, म्हणजे दीड चौरस मिलिमीटर तांब्याच्या, वायरचं लाल बंडल होतं. भाचा एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत होता. त्याने एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली होती. मागच्या सीटा काढून पलंग, ओटा, फ्रीज, कुलर आणि छतावर सोलर पॅनल, असं चालतं-फिरतं घर त्याला करायचं होतं. गाडीत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची परवानगी लागते. तो कागद त्याने आधी हातात घेतला होता, हे मला फार आवडलं. वायरिंगचा आराखडा माझ्याकडे आला, कारण पॉलिटेक्निकमध्ये वीज शिकवण्यात माझी तीस वर्षं गेली आहेत.

मिस्त्रीचा प्रश्न अगदी रास्त होता. घरात २३० व्होल्ट असतात, गाडीत बारा. आकडा लहान, म्हणून काळजीही लहान, असंच कुणालाही वाटेल. बारा व्होल्टला कोरडा हात लागला तर झटकासुद्धा जाणवत नाही. त्यामुळे बारा व्होल्ट म्हणजे गरीब गाय, असा समज सगळीकडे आहे. गाय गरीब आहे हे खरं, पण गाडीत भीती झटक्याची नाही, उष्णतेची आहे.

हजार वॉटची इलेक्ट्रिक केटली घ्या. घरी ती सव्वाचार अँपिअर ओढते. तेवढीच शक्ती बारा व्होल्टच्या बॅटरीतून काढायची तर ८३ अँपिअर लागतात. बॅटरीच्या बाराचे २३० व्होल्ट करणारा इन्व्हर्टर स्वतःचा वाटा खातो तो धरला की नव्वदच्या पुढे. व्होल्ट एकोणीस पटींनी कमी झाले की प्रवाह एकोणीस पटींनी वाढतो. आणि वायरीत तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे त्याच वायरीत ३६० पटींहून जास्त. घरातल्या बोर्डामागे निवांत पडून असलेली वायर गाडीत शेगडीची कॉइल होऊ शकते, ती अशी.

मोठे भार, म्हणजे जास्त वीज खाणारी उपकरणं, सोडा, फ्रीजसारख्या छोट्या भारालाही दीडची वायर नडते, आणि तिथे कारण वेगळं आहे. एक चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या एक मीटर तारेचा रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, साधारण १७ मिलिओहम असतो. आमची बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे, फ्रीज मागच्या दाराजवळ. पत्र्याच्या आतून वळत वळत वायर सहा मीटर होते. वीज जाते तशी परतही येते, म्हणून हिशोब बारा मीटरचा धरायचा. दीडच्या वायरीत हा रोध होतो १३८ मिलिओहम. फ्रीजने पाच अँपिअर घेतले की वाटेतच सुमारे ०.७ व्होल्ट गळतात. २३० मधून ०.७ गेले तर कुणाच्या लक्षात येणार नाही, पण बारामधून गेले तर जवळपास सहा टक्के गेले. कॉम्प्रेसर सुरू होताना प्रवाह क्षणभर उसळतो, व्होल्ट आणखी खाली जातात, आणि फ्रीजचं संरक्षण सर्किट त्याला बंद करतं. भार गेला की व्होल्ट परत वर येतात, कॉम्प्रेसर पुन्हा प्रयत्न करतो, पुन्हा थांबतो. बॅटरी भरलेली आहे, फ्रीज नवा आहे आणि दूध मात्र नासतं. आम्ही सहाची वायर टाकली. तीच घट ०.१७ व्होल्टवर आली.

हे गणित पुण्यालाही असंच राहील. नागपुरात त्यात मे महिना मिसळावा लागतो. बाहेर ४५ अंश असताना उन्हात उभ्या गाडीच्या छताचा पत्रा आणि आतली फळी यांच्यामधल्या पोकळीत तापमान ६० अंशांच्या पुढे सहज जातं, आणि वायर तर नेमकी तिथूनच जाते. नेहमीच्या पीव्हीसी वायरचं आवरण ७० अंशांपर्यंत टिकतं असं धरतात. ३० अंशांच्या हवेत त्या वायरीला स्वतः तापायला ४० अंशांची मोकळीक मिळते. ६० अंशांच्या पोकळीत उरते फक्त दहाची, म्हणजे एक चतुर्थांश. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणून उष्णता चौथाई ठेवायची तर प्रवाह निम्मा करावा लागतो. बंडलच्या कागदावर ३० अंशांसाठी वीस अँपिअर लिहिले असतील, तर आमच्या छतात ती वायर दहाचीच. ९० अंश सोसणाऱ्या आवरणाची वायर घेतली तर तिथेच ७१ टक्के प्रवाह चालतो. छतातल्या सगळ्या वायरी आम्ही तशाच घेतल्या. पैसे जास्त गेले, पण या खर्चात काटकसर करू नये असं माझं ठाम मत आहे.

एक चूक मात्र माझ्या डोळ्यांसमोर झाली आणि मला दिसली नाही. इन्व्हर्टर जोडला, केटली लावली, पाणी उकळलं, सगळे खूश झाले. तिसऱ्या दिवशी भाचा म्हणाला, "मामा, केटली लावली की जळक्या प्लास्टिकचा वास येऊन राहिला, तुम्ही एकदा बघा ना." मी इन्व्हर्टरचं झाकण काढलं. जाड केबलच्या टोकाला दाबून बसवलेलं थिंबल, म्हणजे नटाखाली बसणारी धातूची कडी, निळसर-तपकिरी झालं होतं, त्यावरची काळी नळी आक्रसून चकाकत होती. नट सोडवला तेव्हा कारण कळलं. स्टीलचा वॉशर थिंबलच्या वर, नटाच्या बाजूला हवा, तो थिंबल आणि टर्मिनल यांच्या मध्ये बसला होता. स्टेनलेस स्टीलचा रोध तांब्याच्या जवळपास चाळीस पट असतो, शिवाय एका सांध्याचे दोन सांधे झाले आणि तेही पुरते आवळलेले नव्हते. समजा तिथे पाचच मिलिओहम रोध होता. नव्वद अँपिअरचा वर्ग ८१००, गुणिले ०.००५, म्हणजे ४० वॉट. साधं सोल्डरिंग आयर्न २५ वॉटचं येतं. लाकडी पेटीच्या आत, नखाएवढ्या जागेत, त्याहून तापट वस्तू आम्ही तीन दिवस चालवत होतो. वॉशर जागेवर गेला, थिंबल नवं दाबलं, आणि तीच केटली लावून मी तिथे बोट ठेवलं तर कोमटसुद्धा लागलं नाही.

इथे फ्यूज का नाही उडाला, असं भाच्याने विचारलं. प्रवाह जास्त झालाच नव्हता, म्हणून नाही उडाला. ढिल्या सांध्यापुढे फ्यूज आंधळा असतो. फ्यूजचं काम वेगळं आहे आणि ते बहुतेकांना उलटं माहीत असतं. तो उपकरण वाचवायला नसतो, वायर वाचवायला असतो. गाडीचा सगळा सांगाडा बॅटरीच्या मायनसला जोडलेला असतो, त्यामुळे प्लसची वायर कुठेही पत्र्याच्या धारेवर घासून सोलली की शॉर्ट झालाच. लिथियम बॅटरी अशा वेळी क्षणात हजार अँपिअरच्या पुढे जाऊ शकते. म्हणून मुख्य फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत हवा. बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधल्या तुकड्याला वाली कुणी नसतो. तो जितका आखूड तितका बरा. आणि पत्र्यातून वायर जाते त्या प्रत्येक भोकात रबरी ग्रोमेट, म्हणजे धार झाकणारं कडं, हवंच.

घरची एमसीबी, म्हणजे प्रवाह वाढला की आपोआप पडणारा स्विच, इथे का चालत नाही, तेही सांगतो. घरची वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताना पेटलेली ठिणगी आपोआप विझते. बॅटरीची वीज कधीच शून्यावर येत नाही. ठिणगी ताणली जाते, जळत राहते. डीसीसाठी, म्हणजे अशा बॅटरीच्या विजेसाठी, बनवलेलीच एमसीबी घ्यावी. इन्व्हर्टरच्या पुढच्या २३० व्होल्टच्या भागाला मात्र घरासारखीच वागणूक द्यायची, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच तोडणारा स्विच, लावून, कारण तिथे झटका खराखुरा आहे.

आता आराखड्याकडे येतो. खरं तर तो आधी करायचा असतो, वायर त्याच्यानंतर. भाच्याच्या यादीत पहिलं नाव एसीचं होतं. छोटा एसीसुद्धा आठशे-हजार वॉट खातो, आणि रात्रभर चालवायचा तर बॅटऱ्यांनीच अर्धी गाडी भरेल. मी त्याला आजीचा कुलर आठवायला सांगितला. एक लिटर पाण्याची वाफ होताना ते हवेतून सुमारे ६७० वॉट-तास उष्णता शोषून घेतं. शंभर अँपिअर-तासाच्या लिथियम बॅटरीत १२८० वॉट-तास असतात. म्हणजे पाण्याची एक बाटली अर्ध्या बॅटरीच्या बरोबरीची उष्णता उचलते, आणि विजेला काम उरतं फक्त पंखा आणि पंपाचं, पन्नास वॉटचं. विदर्भातला उन्हाळा कोरडा, म्हणून हे जमतं. खिडकी मात्र उघडी हवी, ओली हवा बाहेर गेलीच पाहिजे. जुलै लागला की हा उपाय संपला, पण तोवर गरजही संपलेली असते.

मग दिवसाचा हिशोब असा बसला: फ्रीज ६५०, कुलर दहा तास ५००, फोन-लॅपटॉप २००, दिवे ५०, एकूण १४०० वॉट-तास. फ्रीज ४५ वॉटचा, पण या उन्हात कॉम्प्रेसर निम्म्याहून जास्त वेळ चालतो, म्हणून ६५०. ढगाळ दिवसासाठी राखून २०० अँपिअर-तासाची, म्हणजे २५६० वॉट-तासांची बॅटरी आणि छतावर ४०० वॉटची पॅनल.

बॅटरी लिथियम आयर्न फॉस्फेटची घेतली. तिचा कॅथोड, म्हणजे प्लसच्या बाजूचा पदार्थ, १९९७ च्या ज्या शोधनिबंधातून जगापुढे आला, त्यावर पाधी आणि नंजुंदस्वामी ही दोन नावं जॉन गुडइनफ यांच्या आधी छापलेली आहेत. गुडइनफ यांना लिथियम बॅटरीच्या कामासाठी २०१९ चं नोबेल मिळालं. फॉस्फेटमध्ये ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट धरून असतो. तापमान चढलं तरी तो सहजी सुटत नाही, आणि आगीला आतून खतपाणी मिळत नाही. नागपूरच्या गाडीसाठी याहून मोठा गुण मला माहीत नाही. तरीही उष्णतेत तिचं आयुष्य झिजतंच, आणि ४५ अंशांच्या वर ती चार्ज करू नये असं बहुतेक बॅटऱ्यांवर लिहिलेलं असतं. म्हणून ती छताजवळ किंवा इंजिनाला लागून नाही, सीटमागे खाली, हवा खेळेल अशा पेटीत ठेवली. इंजिनाच्या अल्टरनेटरवरून, म्हणजे इंजिनाबरोबर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्रावरून, ती थेट चार्ज करू नये, हेही इथेच सांगून ठेवतो. ही बॅटरी मिळेल तेवढा प्रवाह ओढते, आणि ट्रॅफिकमध्ये मंद फिरणाऱ्या अल्टरनेटरला थंड व्हायला हवा मिळत नाही. मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर लावला की प्रवाहाला लगाम बसतो.

पॅनलचं वागणं तर लोकांना खोटंच वाटतं. नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, सुरू होतो त्याच सुमारास, २६ मेच्या आसपास, नागपुरात भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि सावली पायाखाली जाते. छतावर आडव्या टाकलेल्या पॅनलला याहून चांगला कोन मिळणार नाही. पण पॅनलचे वॉट २५ अंशांवर मोजलेले असतात आणि त्यावर दर अंशामागे साधारण ०.३५ ते ०.४ टक्का शक्ती कमी होते. पॅनल ७० अंशांवर गेली की सोळा ते अठरा टक्के तिथेच गेले. छत आणि पॅनल यांच्यामध्ये चार बोटं जागा सोडली की खालून हवा जाते, पॅनल थोडी थंड राहते, आणि छताला सावली मिळते ती वेगळीच. डिसेंबरात दुपारी पॅनल थंड, पण सूर्य दक्षिणेला ४५ अंशांवरच, आडव्या पॅनलवर जेमतेम ७१ टक्के ऊन पडतं. पेंच जंगलाच्या खुर्सापार गेटजवळ गाडी मोहाच्या झाडाखाली लावावीशी वाटते, आणि पॅनलमधल्या पेशी एकामागे एक जोडलेल्या असल्याने एका फांदीची सावलीही उत्पन्न पार खाली आणते. आम्ही ठरवलं की सकाळी दहापर्यंत ऊन, मग सावली, चारनंतर पुन्हा ऊन. मधल्या वेळेसाठी शंभर वॉटची एक सुटी पॅनल उन्हात टाकायची. तिला आठ मीटर वायर लागते, तीही सहाचीच.

मिस्त्रीने शेवटी सगळ्या नटांवर एक काम केलं, ते मी त्याला सांगितलं नव्हतं. पाना फिरवून नट आवळला की त्याने नट आणि बोल्ट दोघांवरून एक सरळ लाल रेघ ओढली. भाच्याच्या आईची, म्हणजे माझ्या ताईची, नेलपॉलिश होती ती. खड्ड्यांनी नट ढिला झाला की रेघ तुटलेली दिसते, पाना लावून पाहावं लागत नाही. पेंचहून परतल्यावर वाडीला गाडी उभी केली, झाकणं काढली आणि टॉर्चचा उजेड मारला. अकरा नटांच्या रेघा जुळलेल्या होत्या. बाराव्याची केसभर सरकली होती. मिस्त्रीने पाना मागितला.