सशांमधील वंध्यत्व

पाळीव सशांमध्ये (ऑरिक्टोलॅगस क्युनिक्युलस) मादीने नराला जवळ येऊ न देणे, मिलन होऊनही मादी गाभण न राहणे, राहिलेला गर्भ मध्येच नाहीसा होणे किंवा मादी गाभडणे या सर्व तक्रारींचा विचार वंध्यत्वाखाली केला जातो. ससा झपाट्याने वाढणारा प्राणी समजला जातो. त्यामुळे मादी दोन-तीनदा रिकामी राहिली की तिला वांझ ठरवून काढून टाकण्याची घाई होते. ही घाई जनावरावर अन्याय करणारी आहे. कायमचे वंध्यत्व थोड्याच सशांत आढळते. पुष्कळदा उष्णता, अंगावर चढलेली चरबी, अपुरा उजेड किंवा चुकीच्या वेळी लावलेली जोडी हेच कारण निघते. ते शोधण्याचे सर्वांत उपयोगी साधन म्हणजे तारखांची नोंद, कारण मिलनानंतर कितव्या दिवशी बिघडले यावरून कारण बरेच स्पष्ट होते.

सशाच्या मादीला गाय-म्हशीसारखा ठरावीक दिवसांनी माज येत नाही. तिच्या अंडाशयातून अंडी सुटतात ती मिलनाच्या उत्तेजनेमुळे, मिलनानंतर साधारण १० ते १२ तासांनी. अंडपुटके (अंडाशयातील अंडे वाढवणाऱ्या छोट्या पिशव्या) लाटांप्रमाणे वाढत व जिरत असल्याने ती बरेच दिवस नराला स्वीकारते आणि मधले काही दिवस नाकारते. योनिमुख फिकट व कोरडे असेल तर ती बहुधा नाकारणार. ते लालसर, ओलसर व किंचित फुगलेले असेल तर वेळ योग्य आहे. मादीला नराच्या पिंजऱ्यात न्यावे. नराला तिच्या पिंजऱ्यात सोडले तर ती आपली जागा राखण्यासाठी त्याच्यावर धावून जाते आणि एखादा तरुण नर त्या धास्तीने पुढेही बिचकत राहतो. मिलन पूर्ण झाले की नर एका कुशीवर कोसळतो. हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तारीख लिहू नये. जोडी रात्रभर एकत्र ठेवल्याने भांडणे होतात आणि तारीखही कळत नाही. लिंग ओळखण्यात चूक होऊन दोन माद्या ‘जोडी’ म्हणून महिनोन्महिने एकत्र राहिल्याचे प्रकारही घडतात. माद्या एकमेकींवर चढतात, त्यामुळे तो संशय सहसा येत नाही.

दोष नरात की मादीत, हे आधी ठरवावे. एकाच नराला दाखवलेल्या अनेक माद्या रिकाम्या राहिल्या तर नर तपासावा. त्याच नरापासून इतर माद्या गाभण राहून एकच रिकामी राहिली तर त्या मादीकडे पाहावे. नराच्या बाबतीत उष्णतेइतके फसवे कारण दुसरे नाही. तापमान काही दिवस सलग ३० अंश सेल्सिअसच्या वर राहिले की शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते. नर मात्र धडधाकट दिसतो आणि उत्साहाने मिलन करतो. शुक्राणू तयार व्हायला सुमारे सात आठवडे लागत असल्याने हवा थंड झाल्यावरही सहा ते आठ आठवडे नापीकपणा टिकू शकतो आणि दोष उगाच मादीच्या माथी मारला जातो. सावली, खेळती हवा व गार पाणी यांची सोय उन्हाळा सुरू होण्यापूर्वीच हवी. पुढे तयार होणारे शुक्राणू यामुळेच वाचतात. नराचा रोज वापर केल्यास वीर्य पातळ होते. फार दिवसांच्या विश्रांतीनंतरच्या पहिल्या मिलनात जुने, निस्तेज शुक्राणू असतात, म्हणून त्याच दिवशी मादी पुन्हा दाखवावी. मागच्या पायांच्या तळव्यांना जखमा झालेला नर वेदनेमुळे चढत नाही. सशाला घाबरल्यावर वृषणे पोटात ओढून घेता येतात. एकदा हाताला लागली नाहीत म्हणून तो सदोष ठरत नाही.

मादीत लठ्ठपणा हे नेहमीचे कारण आहे. अंडाशयाभोवती साठलेली चरबी गर्भधारणेत अडथळा आणते. खुराक बेताचा ठेवून वाळलेले गवत वाढवावे, पण उपासमार करू नये, कारण रोडावलेली मादीही नराला नाकारते. दिवस लहान असताना दिव्याच्या साहाय्याने रोजचा उजेड १४ ते १६ तास केल्यास माद्या पुन्हा नर घेऊ लागतात. केस गळण्याच्या काळात थांबणे चांगले. लहान जाती चार-पाच महिन्यांत, मध्यम जाती पाच-सहा महिन्यांत, तर मोठ्या जाती आठ-नऊ महिन्यांत पैदाशीला तयार होतात.

गर्भकाळ ३० ते ३२ दिवसांचा असतो. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान पोट हलक्या हाताने चाचपल्यास द्राक्षाएवढे गर्भ बोटांना लागतात. काही न लागता सोळाव्या ते अठराव्या दिवशी मादी केस उपटून घरटे करू लागली तर ते खोटे गाभणपण होय. अंडी सुटली, पण फळली नाहीत. अशा मादीला लगेच पुन्हा नर दाखवावा, ती त्या वेळी बहुधा सहज गाभण राहते. गर्भ लागले होते आणि नंतर नाहीसे झाले, तर ते शरीरात जिरले असे समजावे. उष्णतेचा ताण, बुरशी आलेले खाद्य, ई जीवनसत्त्वाची कमतरता व संसर्ग ही त्याची कारणे. अ जीवनसत्त्व कमी पडले तरी आणि जास्त झाले तरी गर्भ दगावतात, त्यामुळे तयार खाद्यावर वरून टॉनिक देण्याची सवय घातक ठरू शकते. गाभणपणाच्या उत्तरार्धात गाभडणाऱ्या माद्या एकापेक्षा अधिक असतील तर लिस्टेरिया जीवाणूचा संशय घ्यावा. तो माणसालाही बाधतो, म्हणून गाभडलेले गर्भ हातमोजे घालूनच उचलावेत. ३२ दिवस उलटूनही मादी व्याली नाही तर पशुवैद्याला बोलवावे. गर्भ एक-दोनच असले की ते फार वाढतात व अडतात.

रोगांपैकी पाश्चुरेला जीवाणूमुळे गर्भाशयात पू होतो किंवा वृषणे सुजतात. नाक वाहणाऱ्या सशाला पैदाशीला लावू नये. सशांच्या उपदंशात जननेंद्रियांवर, ओठांवर व नाकावर खपल्या दिसतात. हा रोग मिलनातून पसरतो, माणसाला होत नाही. त्यावर पेनिसिलिनचे इंजेक्शन चालते, पण तेच औषध तोंडावाटे दिल्यास आतड्यातील उपयुक्त जीवाणू मरून ससा दगावू शकतो. तीन-चार वर्षांवरील मादीची वेते लहान होत गेली, मेलेली पिल्ले होऊ लागली किंवा लघवीतून रक्त गेले तर गर्भाशयाच्या कर्करोगाची तपासणी करून घ्यावी. निदान पक्के झाल्यास तिची पैदास थांबवून, रोग पसरण्यापूर्वी गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया करणे हाच उपाय आहे.