स्पिनिंग रीळ की बेटकास्टिंग रीळ

गळाने मासे धरताना दोरी लांब फेकायला आणि परत गुंडाळायला रॉडला जे यंत्र लावतात ते रीळ, आणि आज चालणाऱ्या त्याच्या दोन मुख्य जाती म्हणजे स्पिनिंग आणि बेटकास्टिंग. फरक थोडक्यात असा, की स्पिनिंगमध्ये फेकताना स्पूल (दोरी ज्यावर गुंडाळलेली असते तो गोल भाग) जागचा हलत नाही, दोरी त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत निघून जाते. बेटकास्टिंगमध्ये स्पूल स्वतःच गरागरा फिरतो आणि फिरत फिरत दोरी सोडतो. लांब फेक, गुंता, ताकद, किती ग्रॅमचं आमिष चालेल हे बाकीचं सगळं यातूनच निघतं. दुकानात गेलं की "नवीन असाल तर स्पिनिंग, प्रो असाल तर बेटकास्टर" असं ऐकवतात, ते अर्धवट आहे. दोरीच्या टोकाला किती वजन बांधणार आणि कुठे फेकणार, यावर निवड ठरते, अनुभवाचा नंबर त्यानंतर.

बाटली आणि फिरकी

कोकणात जेट्टीवर, खाडीच्या कडेला गरवायला बसणारे बरेच जण रॉड वापरतच नाहीत. प्लास्टिकच्या बाटलीवर तंगुसाची (नायलॉनची) दोरी गुंडाळलेली असते, शिसं डोक्यावरून गरगर फिरवून सोडायचं आणि बाटलीचं टोक पाण्याकडे धरायचं, दोरी बाटलीवरून सुळसुळ निघून जाते, बाटली हातात तशीच. स्पिनिंग रीळ म्हणजे हीच बाटली, फक्त तिला गुंडाळायला हँडल लावलंय.

बेटकास्टर समजायचा तर संक्रांतीची फिरकी आठवा. मागे उभा राहून फिरकी धरणारं पोर असतं, वर पतंग ओढ घेतो, फिरकी भणाणते, आणि मधेच पतंगाची ओढ कमी झाली तरी फिरकी तिच्या वेगात फिरतच राहते, मांजा सैल पडतो आणि फिरकीवरच गुंता होऊन बसतो. पोर शहाणं असेल तर हाताने फिरकी दाबून वेग मोडतं. बेटकास्टरमध्ये ते पोर म्हणजे तुमचा अंगठा.

घड्याळजी आणि गिरणीवाला

बेटकास्टर आधी आला. अमेरिकेत केंटकी राज्यात पॅरिस नावाचं गाव आहे, तिथल्या जॉर्ज स्नायडर नावाच्या घड्याळजीने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गिअर बसवलेलं रीळ बनवलं, म्हणजे हँडल एकदा फिरवलं की स्पूल अनेकदा फिरणार. म्हणून याला मल्टिप्लायर पण म्हणतात आणि आपल्याकडचे जुने अँगलर आजही हाच शब्द वापरतात. दोरी स्पूलवर एकाच जागी ढीग न होता डावीकडून उजवीकडे सारखी पसरावी म्हणून जी सरकती कडी असते ती लेव्हलवाइंड, ती १८९० च्या दशकात विल्यम शेक्सपिअर ज्युनिअर याने मिशिगनमधल्या कॅलामाझूत आणली (नाटकवाला नव्हे). पुढे स्वीडनच्या आबू कंपनीने १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला अँबॅसडर ५००० काढलं. ही कंपनी १९२१ साली घड्याळं बनवायला सुरू झालेली, मग टॅक्सीचे मीटर, मग रिळं. म्हणजे इथेही घड्याळजीच. त्याच १९२१ साली जपानमध्ये साकाई शहरात शिमानो सुरू झाली, ती सायकलच्या फ्रीव्हीलपासून. बारीक दात्यांचं काम ज्यांना जमतं तेच रीळ बनवू शकतात, हे यातून दिसतं.

स्पिनिंगची गोष्ट कापडाची आहे. इंग्लंडमध्ये अल्फ्रेड इलिंगवर्थ हा लोकरीच्या गिरण्यांचा मालक होता, त्याच्या गिरणीत उभ्या बॉबिनच्या टोकावरून धागा सुळकन निघतो, बॉबिन फिरत नाही, हे तो रोज बघत होता. १९०५ मध्ये त्याने त्याच तत्त्वावर न फिरणाऱ्या स्पूलच्या रिळाचं पेटंट घेतलं. दोरी पकडून स्पूलभोवती फिरवणारी तारेची कमान, म्हणजे बेल, ती १९३० च्या दशकात रुळली. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्सची मिचेल रिळं अमेरिकेत गेली आणि मग स्पिनिंग घराघरात पोचलं.

वजनाचा हिशोब

फिरता स्पूल हलवायला ताकद लागते आणि ती ताकद आमिषाच्या वजनातूनच येते. तीन ग्रॅमचा छोटा जिग (शिशाचं डोकं असलेलं आमिष) बांधून साधा बेटकास्टर फेकाल तर आमिष स्पूलला धड ओढतच नाही, पायापासून दहा फुटांवर टप्प. साधारण १० ग्रॅमच्या वर गेलं की बेटकास्टरला मजा येते, १५ ते ३० ग्रॅममध्ये तो एकदम खुशीत. जपान्यांनी बेट फिनेस नावाचा हलक्या उथळ स्पूलचा प्रकार काढलाय ज्यात ३-४ ग्रॅमसुद्धा जातं, पण त्याला पैसे मोजावे लागतात आणि दोरी कमी बसते.

स्पिनिंगला ही अडचण नाही कारण हलवायचंय काय तर फक्त दोरी. म्हणून हलकं आमिष, समोरून वारा, आणि ज्याचा हात अजून बसलेला नाही असा माणूस, या तिन्हीला स्पिनिंग माफ करतं. पण त्याचा हिशोब ते दुसरीकडून वसूल करतं, म्हणजे दोरीला पीळ पडतो. रोटर (स्पूलभोवती फिरणारा भाग) दोरी वळवून वळवून स्पूलवर घालतो, त्यात थोडा पीळ आलाच, पण खरा घोटाळा मासा लागल्यावर होतो. मासा पळतोय, ड्रॅग (जोराची ओढ बसली की दोरी सुटू देणारा ब्रेक) कुरकुरतोय, दोरी बाहेर चाललीये आणि नवीन माणूस घाबरून हँडल फिरवतच राहतो. ६:१ गिअरचं रीळ असेल, म्हणजे हँडलच्या एका फेरीत रोटर सहा वेळा फिरत असेल, तर अशा प्रत्येक फेरीला दोरीत सहा पीळ, दोरी आत मात्र एक इंचही येत नाही. दहा फेऱ्या म्हणजे साठ पीळ, आणि मग पुढच्या फेकीला स्पूलवरून एकदम झुबका उडून रॉडच्या पहिल्या कडीत अडकतो. मासा ओढत असेल तेव्हा हँडल सोडा, रॉड वाकलेला ठेवा, तो थांबला की गुंडाळा. आणि फेकल्यावर बेल हाताने बंद करून दोरी एकदा ताणून घ्या, हँडल मारून बंद करू नका, निम्मे गुंते तिथेच वाचतात.

स्पूल भरतानाही असंच, कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली थांबायचं. काठोकाठ भरला तर वेटोळी आपोआप सांडतात, कमी भरला तर दोरी कडेला घासून फेक आखडते. ब्रेड (बारीक धाग्यांची विणलेली दोरी) थेट गुळगुळीत स्पूलवर गुंडाळली की आख्खा गठ्ठाच स्पूलवर गोल घसरतो आणि वाटतं ड्रॅग खराब झाला, म्हणून खाली आधी थोडा नायलॉन घालतात.

बेटकास्टर हाताशी बसवणं

इथे लोक कंटाळतात आणि रीळ कपाटात जातं. खरं तर सेटिंग पाच मिनिटांचं आहे. आमिष बांधा, रॉड समोर थोडा वर धरा, अंगठ्याखालची पट्टी दाबून आमिष सोडा. हँडलच्या बाजूला जो छोटा नॉब असतो तो असा घट्ट करा की आमिष हळूहळू उतरेल आणि जमिनीला टेकलं की स्पूल जवळपास लगेच थांबेल. मग दुसऱ्या बाजूचा ब्रेक, कुठे मॅग्नेटचा असतो कुठे सेंट्रिफ्युगल, तो सुरुवातीला बराच वर ठेवा. आता अर्ध्या जोरात फेका, जोर लावायचा मोह होतो तो आवरा. अंगठा स्पूलवर पिसासारखा टेकलेला, आणि आमिष पाण्याला लागायच्या किंचित आधी अंगठा दाबून स्पूल बंद. हात बसत जाईल तसा ब्रेक एकेक आकडा कमी करा. आमिष बदललं की नॉब पुन्हा बघायचा, हे बहुतेक जण विसरतात, मी पण विसरतो.

एवढं करूनही गुंता होणार. त्याला बॅकलॅश म्हणतात, घरट्यासारखा दिसतो म्हणून घरटं पण म्हणतात. आमिष हवेत मंदावतं, स्पूल मंदावत नाही, मधली दोरी जाते कुठे तर स्पूलवरच फुगते. माझा पहिला बेटकास्टर घेऊन खाडीवर गेलो तेव्हा दुसऱ्याच फेकीला तासभर नखांनी दोरा उकलत बसलो होतो, भरती येऊन गेली. नंतर एकाने युक्ती सांगितली ती अशी: नखं लावण्याआधी अंगठा स्पूलवर जोरात दाबून हँडल दोन फेऱ्या फिरवायचं, मग दोरी हळू ओढायची. आतले फासे चपटे होतात आणि बरेचदा गुंता आपोआप सुटतो.

मग एवढा त्रास कशाला

कारण जवळून, नेमकं, दणकट काम असेल तिथे बेटकास्टरला तोड नाही. दोरी सरळ स्पूलवर येते, स्पिनिंगसारखी रोलरवरून काटकोनात वळत नाही, त्यामुळे जाड दोरी आणि जोराची ओढ त्याला झेपते. तलावात कमळाच्या पानांमध्ये मरळ असते, तिच्यासाठी रबरी बेडूक पानांवरून ओढत न्यायचा आणि मरळीने उडी मारली की तिला श्वास घ्यायची उसंत न देता पानांसकट बाहेर खेचायची. ४०-५० पाउंड ताण सोसणारी ब्रेड, आखूड ताठ रॉड आणि बेटकास्टर, इथे दुसरा विचार नको. खाडीत कांदळवनाच्या मुळांपाशी तांबोशी नि जिताडा (गोव्यात चोणक) असतो, तिथे आमिष मुळांपासून वीतभर अंतरावर पडायला हवं, आणि अंगठ्याने फेक हवेतच रोखता येते म्हणून ते जमतं. शिवाय मासा मुळांत शिरायच्या आत वळवायचा असतो, तिथे पहिल्या तीन सेकंदांचाच खेळ.

उलट मोकळ्या किनाऱ्यावर, खडपावरून लाटांपलीकडे फेकायचं असेल तर ४००० किंवा ५००० नंबरचं (नंबर म्हणजे रिळाचा आकार) स्पिनिंग आणि लांब रॉड. हँडलच्या एका फेरीला ८० सेंमी ते मीटरभर दोरी आत येते, दिवसभर फेकून मनगट दुखत नाही, अंधारात पण चालतं. कोकणातल्या माणसाला एकच रीळ घ्यायचं असेल तर मी हेच सांगेन. स्वस्तातलं स्पिनिंग निदान कामचलाऊ असतं, स्वस्तातल्या बेटकास्टरचे ब्रेक धड नसतात आणि माणूस स्वतःलाच दोष देत बसतो.

पण स्पिनिंग म्हणजे हलकं आणि बेटकास्टर म्हणजे दणकट हे समीकरण पाठ करू नका. अंदमानला जायंट ट्रेव्हली या मोठ्या माशासाठी जे पॉपर (पाण्यावर फटकारे मारत ओढायचं आमिष) फेकतात ते शंभर ग्रॅमच्याही वर असतात, आणि रिळं असतात १४००० ते २०००० नंबरची स्पिनिंग, कारण लांब फेकून वेगात ओढायचं असतं. तर कावेरीवर महाशीरसाठी नाचणीचा गोळा लावून बसणारे लोक वर्षानुवर्षं गोल मल्टिप्लायर वापरत आले, कारण मासा लागला की शंभर मीटर दोरी घेऊन प्रवाहात उतरतो, आणि गोल रिळात जाड दोरी भरपूर बसते.

घेताना

रॉड रिळाबरोबरच घ्यायचा. स्पिनिंग रॉडला रीळ खाली लटकतं, कड्या खालच्या बाजूला आणि पहिली कडी मोठी. बेटकास्टिंगला रीळ वर, कड्या वर, आणि पकडीला बोट अडकवायला ट्रिगर. एकाचं रीळ दुसऱ्याच्या रॉडवर बसवून बघू नका. स्पिनिंगचं हँडल डावीकडून काढून उजवीकडे लावता येतं, बेटकास्टरचं नाही, डावा की उजवा ते घेतानाच ठरवावं लागतं आणि ऑनलाइन ऑर्डर करताना इथेच फसगत होते. ड्रॅग दोघांनाही असतो, स्पिनिंगला पुढच्या नॉबने आणि बेटकास्टरला हँडलमागच्या चांदणीच्या आकाराच्या चाकाने. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांश ठेवायचा, म्हणजे २० पाउंडाची दोरी असेल तर अडीच-तीन किलोला सुटला पाहिजे, घरातला सामान मोजायचा लटकता काटा लावून बघता येतं.

खारं पाणी दोघांचाही शत्रू, त्यातल्या त्यात बेटकास्टरचा जास्त. घरी आल्यावर ड्रॅग घट्ट करून नळाच्या हलक्या धारेखाली धुवायचं, जोराचा फवारा मारला तर मीठ उलट आत जातं. मग पुसून ड्रॅग सैल करून ठेवायचा. लेव्हलवाइंडचा जो आडवा आट्यांचा दांडा असतो त्यात मीठ नि वाळू पहिली बसते, तिथे जुन्या टूथब्रशने घासून तेलाचा एक थेंब, एकच, कारण जास्त तेलावर पुढच्या वेळी वाळू आणखी चिकटते.