आड समोर हवी की पाठीला?

जनावर बघताना लपायला घेतलेला आडोसा म्हणजे आड. समोरची आड सगळ्यांना कळते. रोही (नीलगाय) बघायला धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेलेला माणूस कुणी न सांगताही बोरीच्या झुडपामागे दडतो. घोळ आहे तो पाठच्या आडीचा. शिकार हा आता 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा आहे, पण जमिनीवर बसून जनावर जवळून पाहण्याची तिची विद्या कॅमेरेवाल्यांना आजही लागते. अंगभर पानंफुलं छापलेलं जाकीट विकत घेतलं की ती आपोआप येते, हा गैरसमज तेवढा सोडावा. त्यातून ते जाकीट नायलॉनचं असलं तर हात हलला की खरखरतं.

झुडपामागून बघायचं तर डोकं वर काढावंच लागतं. झुडपाच्या माथ्यावर, उजळ आभाळासमोर, एक काळा गोळा वर येतो नि खाली जातो. काळवीट आणि रोही यांचं लक्ष नेमकं तिथे जातं. लाल-भगवे रंग त्यांना आपल्यासारखे कळत नाहीत, पण हालचाल आणि आभाळावर उमटलेली डोकं-खांद्यांची आकृती ती लांबून टिपतात. काळविटांच्या कारंजा-सोहोळ अभयारण्यासारख्या उघड्या माळावर तर ही चूक हमखास भोवते.

पाठच्या आडीत माणूस झाडाच्या पुढे बसतो. समोर जवळजवळ उघडं असतं, तरी तो दिसत नाही, कारण त्याची कड मागच्या काळपट बुंध्यात विरते. बुंधा खांद्यांपेक्षा रुंद हवा आणि बसल्यावर डोक्याच्या वर हातभर तरी उरायला हवा. जुनी बाभूळ, मोह, नाल्याकाठचा करंज, जांभूळ चांगले. उन्हाळ्यातला साग नको: पानं गळालेली, सावली नाही, आणि खाली पापडासारखा पाचोळा. बुंधा नसेल तर पौष लागेपर्यंत उभ्या तुरीची दाट ओळ पाठीला चालते. पऱ्हाटी (कपाशी) बुटकी, डोकं वर उरतं.

पाठीला आड असूनही माणूस दिसतो, तो बहुतेक वेळा सावली सरकल्यामुळे. हिवाळ्यात सूर्य आग्नेयेकडून उगवतो आणि दक्षिणेकडे कलून चढतो. म्हणून सकाळी बुंध्याच्या वायव्येला बसावं. सावली उत्तरेकडे सरकते, त्या बाजूला थोडी जागा मोकळी ठेवावी. नेमकं पश्चिमेला बसलेला माणूस तास-दीड तासात उन्हात येतो. मग चेहरा नि हात चमकतात. त्यावर मळका दुपट्टा गुंडाळावा. नीळ घातलेला पांढराशुभ्र सदरा मात्र घरीच राहू द्यावा, निळसर चमक या जनावरांना चांगली दिसते.

समोर आड घ्यायचीच तर बसल्यावर छातीपर्यंत येईल एवढीच, विरळ, तिथेच पडलेल्या सुक्या फांद्यांची. हिरव्या फांद्या तोडणाऱ्यांचा राग येतो. एक तर झाड ओरबाडतात, दुसरं म्हणजे ती पानं उन्हात कोमेजून वेगळीच दिसू लागतात. बघताना फांद्यांच्या मधून किंवा बाजूने, खालून बघावं. माथ्यावरून कधीच नाही.

बसण्याआधी बूडभर जागेचा पाचोळा काठीने बाजूला करून माती उघडी करावी. आवाज थांबतोच, आणि खाली घोणस असेल तर वेळेत दिसते.

वाऱ्यापुढे मात्र दोन्ही आडी सारख्याच. वारा जनावराकडून आपल्याकडे यायला हवा, त्यासाठी सावलीची सोय सोडावी लागली तरी सोडावी. फडक्यात चिमूटभर चुलीची राख बांधून न्यावी आणि दर थोड्या वेळाने झटकून बघावी. सांजेला गार हवा नाल्यातून उताराकडे वाहते, म्हणून खालच्या अंगाने येणाऱ्या डुकराला नाल्याच्या वरच्या तोंडाशी बसलेल्याचा वास आधी पोचतो. डुकराची नजर कच्ची असते. त्याच्यासाठी आडीची चिंता कमी, राखेची जास्त.

हे सगळं माळ, शेत आणि तलावाकाठासाठी. ताडोबाच्या बाजूच्या गावशिवारात, जिथे वाघाचा वावर आहे, तिथे जमिनीवर बसूच नये. मोह वेचायला वाकलेल्या माणसांवर तिथे हल्ले झालेले आहेत.