उंदीर, बैल, वाघ, ससा... ही चिनी 'रास' आली कुठून?

जानेवारी संपत आला की फॉरवर्ड सुरू होतात. जन्मसाल बघा, तुम्ही ससा की ड्रॅगन की डुक्कर, मग स्वभाव कसा, लग्न कोणाशी जमेल, पैसा कधी येईल. आपण त्याला चायनीज रास म्हणून मोकळे होतो, पण आपली रास चंद्र आकाशात कुठे होता त्यावरून ठरते आणि इथे आकाशाकडे बघायचंच नाहीये, नुसती मोजणी आहे, बारा वर्षांना बारा प्राणी आणि तेरावं वर्ष परत उंदराचं. त्यातही चिनी वर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या मधे कधीतरी सुरू होतं, म्हणजे जानेवारीत जन्मलेल्या बहुतेकांनी स्वतःचा म्हणून जो प्राणी वाचला तो भलत्याचाच असतो.

शर्यतीची गोष्ट सगळ्यांना माहिती असते. स्वर्गातल्या सम्राटाने प्राण्यांना बोलावलं, उंदीर बैलाच्या पाठीवर बसून नदी पार झाला आणि शेवटी उडी मारून पहिला आला, मांजर बिचारी झोपून राहिली. गोष्ट छान आहे, लहान मुलांना सांगायला तर फारच छान, पण ती खूप नंतरची आहे. इतिहास म्हणून हीच सांगतात, त्यामुळे खरा इतिहास मागे पडतो, आणि तो जास्त मजेदार आहे.

सुरुवात प्राण्यांपासून नाहीच. चीनमधल्या शांग राजवटीच्या काळात, इसवी सनापूर्वी साधारण 1250 पासून पुढे, आनयांगला राजाचे ज्योतिषी बैलाच्या हाडांवर आणि कासवाच्या कवचावर प्रश्न कोरायचे, पाऊस पडेल का, राणीचं बाळंतपण नीट होईल का वगैरे, आणि प्रत्येक प्रश्नाला तारीख टाकायचे. ती तारीख दोन खुणांची. एक दहा खुणांची माळ, दुसरी बारा खुणांची, दोन्ही सोबत पुढे सरकवायच्या, की साठ जोड्या होतात आणि एकसष्टाव्या दिवशी पहिली जोडी परत येते. या साठांचा अख्खा तक्ता कोरलेली हाडं सापडली आहेत. हे सगळं दिवस मोजायला, वर्षांना ते खूप उशिरा, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीच्या हान राजवटीत लागू झालं. आणि या बारा खुणांना तेव्हा प्राणी जोडलेले असल्याचा काही पुरावा नाही.

मग प्राणी कधी चिकटले? यावर बरीच वर्षं विद्वानांचं म्हणणं असं होतं की ही चीनची चीजच नाही, उत्तरेच्या गवताळ प्रदेशातल्या घोडेस्वार लोकांकडून आली. फ्रेंच अभ्यासक एदुआर शावान यांनी 1906 मध्ये यावर मोठा निबंधच लिहिला, त्यांच्या मते हे प्राणीचक्र मुळात या घोडेस्वारांपैकी तुर्कांचं. त्याला आधारही होता. मंगोलियातल्या ओरखोन नदीकाठी आठव्या शतकातले तुर्की शिलालेख आहेत, त्यात कुल तिगिन हा राजपुत्र मेंढीच्या वर्षी वारला असं लिहिलंय, ते 731 साल. तुर्कांची स्वतःची गोष्टही होती. अकराव्या शतकात महमूद अल-काश्गरीने बगदादमध्ये तुर्की भाषेचा कोश लिहिला त्यात ती सापडते. एका खाकानला, म्हणजे तुर्कांच्या राजाला, जुन्या लढाईची माहिती हवी होती पण ती नेमकी कुठल्या वर्षी झाली हेच कोणाला धड सांगता येईना, तेव्हा त्याने ठरवलं की वर्षांना नावं द्यायची, मग शिकारीला निघाला, रानातले प्राणी इली नदीकडे हाकले, आणि जे बारा पोहून पार गेले त्यांची नावं वर्षांना दिली. पहिला उंदीर. नदी आहे, उंदीर पहिला आहे, सम्राट तेवढा स्वर्गातला नाही.

शावानांचं म्हणणं मोडलं ते 1975 च्या डिसेंबरात. हुबेई प्रांतात युनमंग गावाजवळ शुईहुदी नावाच्या ठिकाणी पाण्याचा चर खणताना जुनी थडगी लागली, त्यातल्या अकरा नंबरच्या थडग्यात शी नावाचा छिन राजवटीतला एक स्थानिक अधिकारी पुरलेला होता, इसवी सनापूर्वी 217 च्या सुमारास. त्याच्या सांगाड्याभोवती बांबूच्या हजाराहून जास्त पट्ट्या होत्या, त्यावर शाईने लिहिलेलं. बरेचसे कायदे, पण सोबत दिवसांच्या पोथ्या, म्हणजे आपल्या पंचांगातल्या शुभाशुभ पानांसारखा मामला, प्रवासाला कधी निघावं, घर कधी बांधावं.

त्यात एक प्रकरण आहे चोरांवर. चोरी कुठल्या दिवशी झाली ते सांगा, चोराचं वर्णन घ्या. उंदराच्या दिवशी चोरी झाली असेल तर चोराचं तोंड टोकदार, मिशा विरळ, चेहऱ्यावर तीळ, आणि माल कुंपणाच्या आत कचऱ्याखाली लपवलेला. बैलाच्या दिवशीचा चोर मोठ्या नाकाचा, लांब मानेचा, आणि माल गोठ्यात. म्हणजे या बारा प्राण्यांचं आपल्याला माहीत असलेलं सगळ्यात जुनं काम काय, तर फरार आरोपीचं वर्णन! कोणाचा स्वभाव बिभाव काही नाही, जन्मसाल तर नाहीच नाही.

आणि गंमत म्हणजे यादी आजची नाही. आज जिथे घोडा आहे तिथे या पट्ट्यांवर हरीण आहे, मेंढीच्या जागी घोडा, कुत्र्याच्या जागी म्हातारी मेंढी. 1986 मध्ये गान्सू प्रांतात फांगमातानला आणखी पट्ट्या सापडल्या, साधारण त्याच काळातल्या, तिथली यादी आजच्या बरीच जवळची आहे, घोडा मेंढी माकड कुत्रा डुक्कर सगळे आपापल्या जागी. याचा अर्थ तेव्हा गावोगाव वेगवेगळ्या याद्या चालू होत्या आणि कोणती टिकणार हे ठरायचं होतं. तुर्कांचा तर तोवर पत्ताही नव्हता.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात यादी पक्की झालेली दिसते, आणि ते आपल्याला कळतं ते तिची टिंगल करणाऱ्या माणसामुळे. वांग छुंग नावाचा विचारवंत, प्रचंड खवट माणूस, कशावरही सहज विश्वास न ठेवणारा. तेव्हा पंचतत्त्वांचा सिद्धांत जोरात होता, पाणी आगीला हरवतं, धातू लाकडाला हरवतो वगैरे, आणि प्राणीसुद्धा या तत्त्वांना जोडून टाकले होते. वांग छुंग म्हणतो, उंदीर पाण्याचा आणि घोडा आगीचा ना, मग उंदीर घोड्याच्या मागे का लागत नाही? कोंबडा धातूचा आणि ससा लाकडाचा, मग कोंबडा सशाला टोचून का मारत नाही? जवळपास दोन हजार वर्षं झाली, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

माणसाला 'तू सापाचा, तो सशाचा' असं म्हणण्याची पद्धत सहाव्या शतकापर्यंत अगदी घरगुती झाली होती. याचा पुरावा म्हणजे एका आईचं पत्र. उत्तर चीनमध्ये तेव्हा दोन राज्यं एकमेकांच्या जिवावर उठलेली, एकाचा सर्वेसर्वा युवन हू, आणि त्याची आई लढायांच्या धामधुमीत दुसऱ्या राज्यात अडकली ती पस्तीस वर्षं तिकडेच. 564 साली तिकडच्या दरबाराने तिच्या नावाने पत्र पाठवलं, आणि ही खरीच आपली आई हे मुलाला पटावं म्हणून त्यात घरातल्या खुणा घातल्या. वुछुआनला तुम्ही भावंडं झालात, थोरला उंदराचा, मधला सशाचा, आणि तू सापाचा. युवन हूचं जन्मसाल 513, आणि ते खरंच सापाचं. त्याच वर्षी आई परत आली. राजकारण होतंच त्यात, पण बारा वर्षांच्या टप्प्यात वय सांगायला ही खूण किती सोयीची आहे ते बघा, जन्मतारीख लक्षात नसली तरी प्राणी लक्षात राहतोच.

भारतात हे आलं ते दोन वाटांनी. एक मुघलांची. अकबराच्या दरबारात तुर्की वर्षांचा हिशोब माहीत होता, आईन-ए-अकबरीत नोंद आहे की उंदराच्या वर्षी बादशहा उंदरांना इजा करू द्यायचा नाही, सशाच्या वर्षी सशांना अभय. दुसरी वाट तिबेटची, आणि ती आपल्या पंचांगाला येऊन भिडते. कालचक्र ही भारतातली बौद्ध तांत्रिक परंपरा तिबेटात गेली तेव्हा तिथल्या लोकांनी आपल्याकडचं प्रभव, विभव, शुक्ल हे साठ संवत्सरांचं चक्र आणि चीनचं साठाचं चक्र एकावर एक बसवलं आणि मोजणी 1027 पासून धरली. 1027 म्हणजे त्यांचं अग्नी-सशाचं वर्ष (साठाच्या चक्रात प्राण्यासोबत पाचातलं एक तत्त्वही लावतात) आणि तेच प्रभव. पुढे बरोबर सोळा फेऱ्या मोजल्या की येतं 1987, ते अग्नी-सशाचं वर्ष आणि महाराष्ट्रातल्या पंचांगात शके 1909, प्रभव संवत्सर. एक वर्षही घसरलेलं नाही! चीनची साठी मात्र तीन वर्षं आधी, 1984 ला सुरू होते. उत्तर भारतात गुरूच्या गतीवरून संवत्सर धरतात म्हणून तिथे मेळ बसत नाही, दक्षिणेकडच्या मोजणीशी बसतो. लडाख-सिक्कीममधले लोक लोसार, म्हणजे तिबेटी नववर्ष, साजरं करताना वर्षाला जो प्राणी लावतात आणि आपण पाडव्याला जे संवत्सराचं नाव वाचतो, त्या दोन्हींचा आकडा एकच.

स्वभाव, जोड्या, लग्न जुळवणं हा सगळा वरचा थर आहे, पण तो हलका समजू नका. जपानमध्ये अग्नी-घोड्याच्या वर्षी जन्मलेली मुलगी नवऱ्याला भारी पडते असा समज आहे, तो सतराव्या शतकातल्या ओशिची नावाच्या मुलीशी जोडतात, जिला जाळपोळीसाठी 1683 मध्ये मृत्युदंड झाला आणि जी 1666 ची म्हणजे अग्नी-घोड्याची म्हणून सांगितली जाते. जपानने 1873 मध्येच नवं वर्ष 1 जानेवारीवर आणलं, प्राणी मात्र ठेवले आणि ही भीतीसुद्धा ठेवली. 1965 मध्ये तिथे 18.2 लाख मुलं जन्मली, 1966 ला, म्हणजे अग्नी-घोड्याच्या वर्षी, 13.6 लाख, आणि 1967 ला परत 19.4 लाख. टोकियो ऑलिम्पिक होऊन गेलं होतं, बुलेट ट्रेन धावत होती, आणि लोकांनी तरीसुद्धा एक वर्ष पाळणा लांबवला. साठ वर्षांनी तेच वर्ष 2026 मध्ये येतं, पण आता जपानमध्ये एरवीच वर्षाला सात लाखांच्या आसपास मुलं जन्मतात, त्यामुळे घोड्याला घाबरून टाळायला फारसं काही शिल्लकच नाही.