नेटवर्क पाथ

नेटवर्क पाथ म्हणजे लॅनवरच्या (कार्यालयातल्या एकमेकांना जोडलेल्या संगणकांच्या जाळ्यातल्या) एखाद्या संगणकात शेअर केलेल्या फोल्डरचा किंवा फाइलचा पूर्ण पत्ता. विंडोजमध्ये तो असा लिहितात :

\\लेखाविभाग\हिशेब\मार्च\पगारपत्रक

आधी दोन बॅकस्लॅश, मग फोल्डर ज्या संगणकावर आहे त्याचे नाव, मग शेअरचे नाव, आणि पुढे एकेक आतला फोल्डर करत शेवटी फाइल. लिहिण्याच्या या पद्धतीला युनिव्हर्सल नेमिंग कन्व्हेन्शन, थोडक्यात यूएनसी म्हणतात. सुरुवातीच्या दोन बॅकस्लॅशवरून विंडोजला कळते की पुढचे नाव दुसऱ्या संगणकाचे आहे. त्यातला एक राहून गेला, तर विंडोज त्या नावाचा फोल्डर आपल्याच संगणकाच्या चालू ड्राइव्हमध्ये शोधू लागते.

पत्त्यातला सर्वांत फसवा भाग म्हणजे शेअरचे नाव. शेअरचे नाव आणि फोल्डरचे नाव एकच असेल असे नाही. लेखा विभागाच्या संगणकावर हा फोल्डर प्रत्यक्षात डी ड्राइव्हमध्ये ‘कार्यालय’ फोल्डरच्या आत, त्यातल्या ‘जुने’मध्ये असू शकतो. शेअर करताना त्याला ‘हिशेब’ हे नाव दिले की बाहेरच्यांसाठी दार तिथूनच सुरू होते आणि त्यामागच्या खोल्या त्यांना दिसत नाहीत. म्हणून त्या संगणकावर बसून ॲड्रेस बारमधला डी ड्राइव्हचा पाथ कॉपी करून दुसऱ्याला पाठवला, तर त्याचा उपयोग होत नाही. शेअरच्या नावाच्या शेवटी डॉलरचे चिन्ह असेल तर तो शेअर यादीत दिसत नाही, पण पूर्ण पाथ ठाऊक असणाऱ्याला आणि परवानगी असणाऱ्याला तो उघडता येतो. त्यामुळे डॉलरचे चिन्ह लावले म्हणजे फोल्डर सुरक्षित झाला असे समजू नये.

रोजच्या कामात पूर्ण पाथ कोणी टाइप करत नाही. शेअरला एक ड्राइव्हचे अक्षर जोडून देतात, म्हणजेच ड्राइव्ह मॅप करतात. विंडोज अक्षरे शेवटून सुचवते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी तो ‘झेड ड्राइव्ह’ होतो. खरा घोळ इथूनच सुरू होतो. मार्चअखेरीच्या धावपळीत मेल येतो, ‘फाइल झेडमध्ये टाकली आहे, बघून घ्या.’ बघणाऱ्याच्या संगणकावर झेड म्हणजे भलताच शेअर असतो, किंवा झेड नसतोच. ड्राइव्हचे अक्षर हे ज्याचे त्याने ठेवलेले घरगुती नाव आहे. घरात ‘बंड्या’ म्हटले की पुरते, पण पोस्टमनला पूर्ण नाव आणि पत्ता लागतो. पाथ दुसऱ्याला द्यायचा असेल तर दोन बॅकस्लॅशपासून सुरू होणाराच द्यावा.

मॅप केलेला ड्राइव्ह संगणकाच्या नव्हे, तर लॉग-इन केलेल्या माणसाच्या नावावर असतो. रात्री आपोआप चालणाऱ्या बॅकअपला ‘झेडमध्ये प्रत ठेव’ असे सांगून ठेवले, तर कोणी लॉग-इन नसताना त्या बॅकअपला झेड सापडत नाही. सकाळी प्रत्यक्षात काहीच साठवलेले नसते आणि हे बरेचदा फाइल हरवल्यावरच लक्षात येते. अशा कामाला नेहमी पूर्ण नेटवर्क पाथ द्यावा आणि ते काम ज्या खात्याखाली चालते त्या खात्याला शेअरची परवानगी द्यावी.

आपल्याजवळ फक्त ड्राइव्हचे अक्षर असेल तर त्यामागचा पाथ शोधणे सोपे आहे. ‘धिस पीसी’ उघडल्यावर मॅप केलेल्या ड्राइव्हखाली शेअरचे आणि संगणकाचे नाव दिसते. कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘नेट यूज’ ही आज्ञा दिली की कोणत्या अक्षरामागे कोणता पाथ आहे याची यादी समोर येते. त्याउलट ‘कॉपी ॲज पाथ’ हा सोयीचा पर्याय इथे दगा देतो, कारण मॅप केलेल्या ड्राइव्हमधल्या फाइलवर तो वापरला तर झेडपासून सुरू होणारा पाथच हाती येतो. फोल्डर ज्या संगणकावर आहे त्याच्यासमोर बसलो असू, तर फोल्डरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये शेअरिंग हा टॅब उघडावा. तिथे ‘नेटवर्क पाथ’ या शब्दांखाली बाहेरच्यांनी वापरायचा पत्ता तयार असतो. संगणकाचे नाव ठाऊक आहे पण शेअरचे आठवत नाही, अशा वेळी विंडोजची कळ आणि आर दाबून येणाऱ्या चौकटीत दोन बॅकस्लॅश आणि संगणकाचे नाव एवढेच लिहून एंटर दाबावे, म्हणजे त्यावरचे उघडे शेअर दिसतात.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के दाबून सर्व्हरचा पत्ता देता येतो, पण तिथे तो ‘एसएमबी’ (smb), कोलन (:) आणि पुढे झुकलेल्या दोन स्लॅशने सुरू होतो. नावे तीच राहतात, फक्त स्लॅशची दिशा बदलते.

पाथ उघडला नाही तर पडद्यावर काय लिहून आले ते नीट वाचावे. नेटवर्कच्या कामात यातून जितके कळते तितके क्वचितच दुसऱ्या कशातून कळत असेल. ‘नेट यूज’ने जोडताना त्रुटी क्रमांक ५३ आला, तर सहसा तो संगणकच सापडलेला नसतो : नाव चुकले आहे, संगणक बंद आहे किंवा मधली फायरवॉल (नको ते संपर्क रोखणारी यंत्रणा) अडवते आहे. ६७ आला तर संगणक बहुधा सापडला आहे, पण त्या नावाचा शेअर तिथे नाही. ५ म्हणजे पाथ बरोबर आहे, परवानगी नाही. या शेवटच्या वेळी पाथ पुन्हापुन्हा टाइप करण्यात अर्थ नसतो, व्यवस्थापकाकडेच जावे लागते. परवानग्याही दोन जागी असतात, एक शेअरवर आणि एक फोल्डरवर. दोन्हींपैकी जी कडक, ती लागू होते.

संगणकाच्या नावाऐवजी त्याचा आयपी पत्ता (नेटवर्कवरचा क्रमांक) लिहूनही पाथ चालतो. पण राउटरने आयपी पत्ते नव्याने वाटले की तो पाथ मोडतो, म्हणून कायमच्या वापरासाठी नावच बरे. मोठ्या संस्था त्याच्याही पुढे जाऊन डीएफएस नावाची सोय वापरतात. त्यात पाथमध्ये एका सर्व्हरचे नाव न राहता संस्थेच्या डोमेनचे नाव येते, आणि मागचा सर्व्हर बदलला तरी लोकांच्या हातातला पाथ तोच राहतो.

बॅकस्लॅशमागे जुने कारण आहे. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या १९८१ मधल्या पहिल्या आवृत्तीत फोल्डर नव्हतेच आणि पुढे झुकलेला स्लॅश आज्ञांचे पर्याय देण्यासाठी वापरला जात होता. १९८३ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत फोल्डर आले तेव्हा ते चिन्ह मोकळे नव्हते, म्हणून उलटा स्लॅश घेतला गेला. जपानी विंडोजवर त्याच जागी येनचे चिन्ह दिसते, त्यामुळे तिथले नेटवर्क पाथ दोन येनने सुरू होतात. शेअरची प्रत्यक्ष देवाणघेवाण ज्या एसएमबी प्रोटोकॉलने (संगणकांच्या आपसातल्या ठरलेल्या नियमांनी) होते, तो १९८० च्या दशकात आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी सुरू केला आणि मायक्रोसॉफ्टने वाढवला. ऑस्ट्रेलियातील कॅनबेरा इथे अँड्र्यू ट्रिजेल यांनी नेटवर्कवरून जाणारी माहितीची पाकिटे तपासून तो उलगडला आणि सांबा हे सॉफ्टवेअर लिहिले. आज लिनक्स सर्व्हरवरचा फोल्डर विंडोजमधून त्याच यूएनसी पाथने उघडतो तो सांबामुळे. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हे रॅन्समवेअर (फाइली अडकवून खंडणी मागणारा प्रोग्रॅम) विंडोजमधल्या एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतल्या त्रुटीतून जगभर पसरले. त्याच वर्षी आलेल्या विंडोज १० च्या १७०९ या आवृत्तीपासून, नव्याने विंडोज टाकल्यास फोल्डर शेअर करणाऱ्या बाजूला ती जुनी आवृत्ती मुळात चालू नसते. शेअर्ड फोल्डरमध्ये स्कॅन पाठवणारी जुनी यंत्रे पाथ अचूक असूनही अडतात, त्याचे हे एक नेहमीचे कारण आहे.

मराठीत काम करणाऱ्यांच्या दोन अडचणी वेगळ्या आहेत. इनस्क्रिप्ट कळफलकावर बॅकस्लॅशच्या कळीवर ‘डॉक्टर’मधला ॉ असतो, त्यामुळे पाथ टाइप करताना प्रत्येक स्लॅशसाठी इंग्रजीत जाऊन परत यावे लागते. दुसरी अडचण डोळ्यांना दिसतच नाही. ‘शेतकऱ्यांचे अर्ज’ या फोल्डरच्या नावातला ऱ्य युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ, हलन्त आणि य असा, किंवा साधा र, हलन्त, मध्ये अदृश्य जोडचिन्ह आणि मग य असा. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण विंडोजसाठी ती दोन वेगळी नावे आहेत. एकाने पहिल्या पद्धतीने केलेला फोल्डर दुसऱ्याने दुसऱ्या पद्धतीने टाइप केलेल्या पाथने उघडत नाही, आणि अक्षर न् अक्षर जुळवून पाहिले तरी चूक सापडत नाही. असा पाथ टाइप न करता कॉपी करूनच द्यावा. शिवाय बहुतेक प्रोग्रॅमना पाथची २६० वर्णांची जुनी मर्यादा अजून लागू आहे, आणि त्यात काना-मात्रा, अनुस्वार, हलन्त सगळे सुटे मोजले जातात. ‘शेतकऱ्यांचे’ हा वाचायला पाच अक्षरांचा शब्द तिथे किमान ११ वर्ण खातो.