गुलाबावरच्या मगरी

निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या यायला लागल्या की आमच्या गच्चीतल्या गुलाबावर मावा, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, चढतो. कोवळ्या कळ्यांच्या देठांना हिरवट दाणे चिकटल्यासारखे दिसतात, हात लावला की बोटं चिकट होतात. त्यात दोन दिवस ढगाळ गेले तर कळी दिसेनाशी होते. अशाच एका डिसेंबरात मी माव्याबरोबर पानांवर फिरणाऱ्या काही अळ्याही वेचून साबणाच्या पाण्यात टाकल्या. काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांच्या, सहा पायांवर तुरुतुरु चालणाऱ्या. हुबेहूब इवल्याशा मगरी. ती ढालकिड्याची पिल्लं होती हे मला महिन्याभराने कळलं. तोवर कळ्या करपून गेल्या होत्या. त्या अळ्यांचं मला अजूनही वाईट वाटतं.

ढालकिडा म्हणजे लेडीबर्ड बीटल. पाठ ढालीसारखी फुगीर, लाल किंवा नारिंगी, वर काळे ठिपके. (पहिल्या पावसानंतर मातीत दिसणारा लाल मखमली मृगाचा किडा वेगळा. त्याला आठ पाय असतात, तो कोळ्यांच्या नात्यातला.) जगात ढालकिड्यांच्या सुमारे ६००० जाती आहेत. नाशिकच्या बागांत सहज भेटतो तो पाठीवर काळी नागमोडी नक्षी असलेला, सहा ठिपक्यांचा. त्याला पकडलं तर पायांच्या सांध्यांतून पिवळा, उग्र वासाचा थेंब सोडतो. तो थेंब चवीला कडू असतो, आणि पाठीचा भडक रंग ही पक्ष्यांना त्याची आगाऊ सूचना असते.

प्रौढ ढालकिडा सगळे ओळखतात, कौतुकाने बोटावर घेतात. पण मावा फस्त करण्याचं मोठं काम करते ती अळी, आणि नेमकी तीच आपल्या हातून मरते. मादी पानाच्या मागे पिवळीधमक, टोकदार अंडी उभी रचून घालते, तीही शक्यतो माव्याच्या शेजारीच. तीन-चार दिवसांत अळ्या बाहेर पडतात. चार वेळा कात टाकेपर्यंत एकेक अळी शेकडो मावा खाते. मग पानाला शेपटीकडून चिकटून कोष करते. उबदार हवेत अंड्यापासून भुंगेऱ्यापर्यंतचा, म्हणजे प्रौढ किड्यापर्यंतचा, प्रवास दोन-तीन आठवड्यांत होतो, थंडीत जास्त दिवस लागतात.

माव्याचा वेग मात्र याच्या कितीतरी पुढे असतो. त्याच्या मादीला नराची गरज पडत नाही. ती अंडी घालत बसत नाही, थेट जिवंत पिल्लं देते, आणि त्या पिल्लांच्या पोटात जन्मतःच पुढच्या पिढीची वाढ सुरू झालेली असते. आई, लेक आणि नात एकाच शरीरात! आठ-दहा दिवसांत ते पिल्लू स्वतः प्रसवायला लागतं. म्हणून मावा नेहमी आधी येतो आणि ढालकिडा मागून. खायला काहीच नसेल तिथे तो अंडी घालणार तरी कशाला? मधले ते आठ-दहा दिवस बागेतल्या माणसाच्या कसोटीचे. कळी काळवंडताना बघवत नाही, हात फवाऱ्याकडे जातो, आणि त्या फवाऱ्यात दोघंही मरतात. पुढच्या आठवड्यात उरलेला मावा परत वाढतो. ढालकिडा तितक्या लवकर परतत नाही.

हे मोठ्या प्रमाणावर घडून गेलेलं आहे. १८८० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या संत्र्याच्या बागा ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका पांढऱ्या, कापसाळ खवले किडीने संपत आल्या होत्या. अल्बर्ट कोबेल हा कीटकतज्ज्ञ १८८८ मध्ये ऑस्ट्रेलियाला गेला आणि तिथून त्या किडीला खाणारा ‘वेडालिया’ नावाचा ढालकिडा बोटीने धाडू लागला. पहिल्या तीन खेपांत मिळून १२९ भुंगेरे पोहोचले. लॉस एंजेलिसमधल्या एका झाडाभोवती तंबू बांधून त्यात ते सोडले. १८८९ संपेपर्यंत बागा सावरल्या होत्या. पुढे १९४० च्या दशकात त्याच बागांत डीडीटी या कीटकनाशकाची फवारणी सुरू झाली, वेडालिया मेला, आणि गेली म्हणून विसरलेली कीड परत उसळली.

आपल्याकडे हा धडा द्राक्षबागांमध्ये पाहायला मिळतो. माझ्या मामाची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर घड धरले, मणी फुगले की खोडाच्या सुट्या सालीखाली लपलेला मिलीबग, म्हणजे पिठ्या ढेकूण, वर सरकतो आणि घडात जाऊन बसतो. रस शोषतो, वर गोड चिकटा टाकतो, त्या चिकट्यावर काळी बुरशी धरते. असा घड निर्यातीला चालत नाही. काढणी तोंडावर आलेली असताना औषध मारावं तर रेसिड्यूच्या, म्हणजे फळात उरलेल्या औषधाच्या, तपासणीत माल अडकतो. अशा वेळी मामा क्रिप्टोलेमस सोडतो. हासुद्धा ढालकिडाच, ठिपके नाहीत, काळे पंख आणि तांबूस डोकं. हेक्टरी साधारण ५००० भुंगेरे, ऊन उतरल्यावर. मूळचा ऑस्ट्रेलियाचा, पण १८९८ मध्ये भारतात आणला गेला तो कॉफीवरच्या हिरव्या खवले किडीसाठी. तिथे त्याचा फारसा उपयोग झाला नाही; पिठ्या ढेकणावर मात्र तो इथलाच होऊन गेला.

मागच्या फेब्रुवारीत मी मामाच्या बागेत एका घडावरून पांढरा, झिपऱ्या किडा काढायला गेले, तर मामा ओरडलाच. “अगं, हात नको लावू! तो मिलीबग नाही, मिलीबगला खाणारा आहे.” क्रिप्टोलेमसची अळी अंगातून मेणाचे पांढरे धागे सोडते आणि दिसते थेट तिच्या भक्ष्यासारखी. फरक दोन: हिचे धागे लांब असतात आणि ही भराभर चालते. मिलीबग जागचा फारसा हलत नाही. आता जास्वंदीवर पांढरं काही दिसलं की मी आधी मिनिटभर नुसती बघत उभी राहते.

मेणाच्या त्या झग्याचा उपयोग मुंग्यांपासून वाचायलाही होतो. मावा आणि मिलीबग ही मुंग्यांची गुरं. त्यांचा गोड चिकटा मिळावा म्हणून मुंग्या त्यांची राखण करतात, ढालकिड्यांना चावून हुसकावतात. तेव्हा खोडावरून मुंग्यांची रांग चढत असेल तर आधी ती तोडावी. मी जास्वंदीच्या खोडाला चिकटपट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावते; नुसतं खोडाला लावू नये, साल खराब होते.

घरच्या बागेसाठी किडे विकत आणायची गरज नाही. खाणं नसेल तर सोडलेले भुंगेरे उडून जातात, आणि असेल तर बाहेरचे आपोआप येतात. रस्त्याकडेच्या रुईवर पिवळा मावा असतो, तिथे ढालकिडे हमखास दिसतात. शेतकरी कपाशीत मका आणि चवळी लावतात तेही याचसाठी. माझ्या गच्चीत एक कुंडी चवळीची आहे, ती माव्यालाच दिलेली. शेजारी कोथिंबीर आणि बडीशेप फुलायला सोडली आहे. मावा कमी असतो तेव्हा भुंगेरे परागांवर गुजराण करतात. फार झालं तर गुलाबावर पाण्याची जोराची धार मारते. निंबोळी अर्क फवारायचा तर आधी पानं उलटून अंडी बघते.

एक नातेवाईक मात्र सांभाळून. वांग्याच्या पानाची जाळी झालेली दिसली तर तिथे २८ ठिपक्यांचा, मळकट, बारीक केसांचा ढालकिडा असेल. तो मांसाहारी नाही, पानं खरवडून खातो. त्याच्या अळ्या पिवळ्या आणि फांद्या फुटल्यासारख्या काट्यांच्या. त्या खुशाल वेचाव्यात.

आत्ता गुलाबाच्या खालच्या पानांवर सात कोष आहेत. वाळलेल्या फांद्या छाटायच्या होत्या, छाटल्याही; पण त्या कचऱ्यात न टाकता कुंडीच्या कडेला ठेवल्या आहेत. आठवडाभराने पाठ फुटून भुंगेरे बाहेर येतील. पहिले काही तास ते फिकट पिवळे असतात, ठिपके नंतर उमटतात.